पोट कापायला बँकॉक, विचारायला आरमोरी

मी जाडी आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढे ज्या टिपा येतील त्या जाड्या माणसांच्या कामाच्या आहेत, आणि ज्यांना हा शब्द वाचवत नाही त्यांनी इथूनच परत फिरलेलं बरं. 'अंगानं भरलेली', 'खात्यापित्या घरची' असं लोक माझ्याबद्दल बोलतात तेव्हा ते मला सांभाळत नसतात, स्वतःला सांभाळत असतात.

घुग्घुसला मी संगणकाचे वर्ग घेते. नवरा प्रकाश कोळशाच्या खाणीत आहे. माझ्या आईचा पाय शुगरनं गेला. काटा मोडला होता, तिला कळलाच नाही, आणि कळला तोवर गुडघ्याखालून कापावा लागला. त्यानंतर ती फार जगली नाही. पस्तिशी उलटली आणि मलाही शुगर निघाली. गुडघे तर आधीच बोलायला लागले होते. वर्गाच्या पायऱ्या चढून फळ्यापाशी पोचले की पहिली पाच मिनिटं मी मुलांना काहीतरी टाइप करायला सांगायचे, कारण मला बोलताच यायचं नाही.

माझा मोठा भाऊ विनोद दुबईला असतो. वजन कमी करायची शस्त्रक्रिया असते, जठर कापून लहान करतात, हे त्यानंच आधी काढलं. नागपूरच्या एका एजंटशी बोलून बँकॉकचं सगळं ठरवतही आणलं. तपासण्या, शस्त्रक्रिया, हॉटेल, वर दोन दिवस शहर बघणं. पैसे तो देणार. बँकॉकच का, असं विचारलं तर म्हणाला, नागपुरात केलं तर अर्धं घुग्घुस केळी घेऊन बघायला येईल. बँकॉकला कोणाला पत्ता लागणार नाही, फिरायला गेली असं सांगू. मला ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

एजंटनं एक रंगीत पत्रक दिलं. त्यावर एका बाईचे दोन फोटो, एकात ती माझ्याएवढी, दुसऱ्यात निम्मी. खाली लिहिलेलं, 'आरमोरी, महाराष्ट्र'. मी तिचा नंबर मागितला. पेशंटची माहिती देता येत नाही, असं तो म्हणाला. फोटो छापता येतो आणि नंबर देता येत नाही, हे मला काही कळलं नाही. आरमोरी माझ्या घरून एसटीनं एका दिवसात गाठता येते. पोट माझं कापलं जाणार होतं, तर विचारायला मीच जायचं ठरवलं.

सोबत नसरीन निघाली. ती आमच्या गल्लीत शिलाईचं काम करते आणि माझे कपडे कायम तिनंच शिवलेत. माप घेतलं की ती आकडा लिहून ठेवते, कधी मोठ्यानं उच्चारत नाही, म्हणून ती माझी मैत्रीण. शस्त्रक्रियेला मात्र तिचा साफ विरोध होता. "पागल हाये का तू? चांगलं पोट कापून घेते?" एवढंच तिचं म्हणणं, आणि ते ती निघेपर्यंत ऐकवत होती.

डिसेंबर होता. घुग्घुसहून चंद्रपूरला गाड्या भरपूर आहेत, पण ट्रकांच्या मागं लागली तर तोंडाला ओढणी बांधूनच बसा. चंद्रपूरच्या स्टँडवर गडचिरोलीची गाडी मिळाली. तिघांच्या बाकावर मी खिडकीशी, मध्ये नसरीन आणि कडेला सफारी घातलेले एक गृहस्थ अर्धवट टेकले. गाडी सुटायच्या आतच त्यांनी कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, की अशांना दोन तिकिटं दिली पाहिजेत. नसरीनचा चेहरा उतरला. मी कंडक्टरकडे हात करून गडचिरोलीची तीन तिकिटं मागितली.

त्यानं विचारलं, तिसरं कोणाचं.

"माझंच," मी म्हटलं. "हे म्हणतात मले दोन जागा लागतात. मंग ह्यायची जागा माझी झाली. ह्यायले उठवा."

मागच्या बाकावरची माणसं हसली. कंडक्टरनं हसू दाबत खरंच तिसरं तिकीट दिलं. गृहस्थ उठले आणि मूलपर्यंत दांड्याला धरून उभे राहिले. त्या जागेवर मी माझी पिशवी ठेवली. जास्तीच्या तिकिटाचा मला आजतागायत पस्तावा नाही.

चंद्रपूर सोडलं की लोहारा, चिचपल्ली करत रस्ता जंगलात शिरतो. साग अजून पानांत होता, पण पानं धुळीनं तांबडी पडलेली. मूलला गाडी थांबते तेव्हा स्टँडबाहेरचे तर्री-पोहे खा. तर्री जहाल असते, आधीच थोडी मागा. मी दोन प्लेट खाल्ल्या. नसरीन माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही. पोट कापल्यावर हे मिळणार नाही म्हणून नव्हे, भूक लागली होती म्हणून खाल्लं.

व्याहाडनंतर वैनगंगेचा पूल येतो आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. शहरात शिरताना पोलिसांनी गाडी थांबवून पिशव्या बघितल्या. ते इथं रोजचं आहे, कोणी मानसुद्धा वर करत नाही. दुकानं लवकर बंद होतात, तेव्हा जेवण वेळेत उरका. लॉजवर खोली घेताना तळमजल्यावर आहे का आणि संडास खुर्चीचा आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा, लाजू नका. खानावळीत प्लास्टिकची खुर्ची दिली तर दोन खुर्च्या एकात एक घालून मागा. मी मागितल्या. पोऱ्या नव्हता, मालकानंच आणून दिल्या आणि एक शब्द बोलला नाही. असे लोकही असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरमोरी. तासाभराचा रस्ता, दोन्हीकडे धान कापून मोकळ्या झालेल्या शेताच्या बांध्या आणि मळणीसाठी रचलेले पुंजणे. गाडीत शिरणाऱ्या वाऱ्यालासुद्धा नव्या धानाचा वास होता. स्टँडजवळच्या बांगड्यांच्या दुकानात मी पत्रक दाखवलं. दुकानवाल्या बाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"ह्या त आमच्या पुष्पाबाई जी, राइस मिलवाल्या," त्या म्हणाल्या. "पण ह्या कागदावर कायले गेल्या?"

पुष्पाबाईंची गिरणी गावाबाहेरच्या रस्त्यावर आहे. धानाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि कोंड्याची धूळ सगळ्या अंगणावर पसरली होती. पुष्पाबाई पन्नाशीच्या असाव्यात. फोटोतल्यासारख्याच बारीक, पण फोटोत दिसली नव्हती ती दंडाची सैल लोंबणारी कातडी इथं दिसत होती. मी कोण, कुठली, कशाला आले ते सांगितलं आणि पत्रक पुढं केलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. त्यांचा फोटो छापलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"साडी घेऊन आला होता तो एजंट," त्या म्हणाल्या. "म्हणे आठवण म्हणून फोटो काढतो. या, आत या. जेवल्याबिगर काई सांगत नाई मी."

नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी आणि तलावातल्या मासोळ्या तळलेल्या. आम्हा दोघींना ताटभर वाढलं. स्वतः त्यांनी एका लहान वाटीत भात आणि डाळ घेतली. एकेक घास त्या इतका वेळ चावत होत्या, की माझं ताट संपलं तरी त्यांची वाटी अर्धी होती. मग त्यांनी ती बाजूला सारली. पाणी नाही. जेवताना प्यायलं तर वर येतं, म्हणाल्या. पोत्यांनी तांदूळ निघणाऱ्या त्या घरात त्यांचं जेवण तेवढंच होतं, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं.

नंतर त्यांनी सगळं सांगितलं. इन्सुलिन चालू होतं, रात्री झोपेत श्वास अडकायचा, डॉक्टर म्हणायचे खाणं कमी करा आणि त्या कमी करून थकल्या होत्या. मग त्या बँकॉकला गेल्या. दवाखाना असा की फरशीत तोंड दिसावं. नर्सा हात धरून चालवायच्या. शस्त्रक्रिया झाली आणि ठरलेल्या तिकिटानं त्या परत आल्या. विमानात पाय सुजले. घरी आल्यावर त्याच आठवड्यात ताप आणि पोटात असह्य दुखणं. नागपूरला नेलं तर तिथल्या डॉक्टरांना आत नेमकं काय कापलंय तेच कळेना. सोबतच्या कागदांतलं एक पान तेवढं इंग्रजी, बाकी सगळं तिकडच्या भाषेत. बँकॉकला फोन लावला की तिथली मुलगी गोड बोलून ईमेल करा म्हणायची. एजंट फोन उचलेनासा झाला. जठराला जिथं टाके होते तिथून गळत होतं आणि पोटात पू झाला होता. पुन्हा पोट उघडलं. घरच्यांनी आशा सोडली होती.

त्यातून त्या उठल्या. इन्सुलिन सुटलं. श्वास अडकणं थांबलं.

"फोटो खोटे नाई," त्या म्हणाल्या. "दोन्ही खरेच हायेत. मंधातलं त्यानं सांगितलं नाई, एवढंच."

मी त्यांना विचारलं, मग बँकॉकच्या डॉक्टरांचा राग येतो का.

"तिथले लोक वाईट नव्हते, बाई. लई चांगले होते. फक्त दूर होते."

ऊन उतरल्यावर त्या आम्हाला गिरणीमागच्या तलावाच्या पाळीवर घेऊन गेल्या. पाळ चांगली उंच आहे. पुष्पाबाई भरभर चढल्या, पदर खोचून, मागं वळून न बघता. मी निम्म्यात दगडावर बसले. छातीचा भाता झाला होता. माझ्याहून वयानं पंधरा वर्षांनी मोठी बाई वर उभी राहून, कंबरेवर हात ठेवून, पलीकडचे बगळे बघत होती. त्या क्षणी मला ती शस्त्रक्रिया इतकी हवीशी वाटली की एजंट समोर असता तर मी तिथंच हो म्हणून टाकलं असतं.

मग मला त्यांची चप्पल दिसली. चढणीवर, चिखलात अडकून राहिलेली. पुष्पाबाई वर एका पायात चप्पल आणि एका अनवाणी पायावर उभ्या होत्या, आणि त्यांना ते कळलं नव्हतं. त्या पायाखाली काटेरी बाभळीची वाळकी फांदी होती. नसरीनच्या तोंडून आवाज निघाला. मी उठले आणि गुडघ्यांची पर्वा न करता वर गेले, चप्पल हातात घेऊन. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाय सुन्न हायेत," त्या म्हणाल्या. "जिंदगीभर विटामिनच्या गोळ्या घ्या लागतात, मले कोणी सांगितलंच नव्हतं. महिनाभराच्या देल्या होत्या, संपल्या, मी सोडल्या. आता नागपूरवाले म्हणतात त्यानं झालं, नाईतर जुन्या शुगरनं झालं. कोणालेच पक्कं माहीत नाई."

मी खाली बसून त्यांच्या पायाला हात लावला. काटा नव्हता. बोटांच्या मधूनही बघितलं, आईलाही काटा असाच कळला नव्हता.

थोड्या वेळानं मी विचारलंच, ज्यासाठी आले होते ते. हे सगळं माहीत असतं तरी केलं असतं का?

"केलं असतं," त्या लगेच म्हणाल्या. "तशीबी मरूनच राह्यली होती मी. पण असं नाई. रातच्याले दुखलं त सकाळी ज्यानं कापलं त्याच्या दारात उभं राहता आलं पायजे. आणि आधी कोणालेतरी विचारलं असतं, जशी तू आली. मले विचाराले कोणी नाई आलं. तूच पयली."

रात्री त्यांनी आम्हाला सोडलं नाही. सकाळच्या गाडीत बसवताना त्या म्हणाल्या, माझं कुठं लिहिलंस तर नाव बदलू नको. म्हणून बदललेलं नाही.

परतीच्या गाडीत नसरीन म्हणाली, आता तर तू नाहीच करणार, पाय पाहिला ना त्यांचा. मी म्हटलं, पाय पाहिला, चालही पाहिली. ती चिडली. एक बाई मरता मरता वाचली आणि तुला तिची चाल दिसते, असं म्हणाली. मीही चिडले. तुला माझा श्वास दिसत नाही कारण तू पायऱ्या माझ्या आधी चढून जातेस, असं मी तिला सुनावलं. वैनगंगेचा पूल येईपर्यंत आम्ही बोललो नाही. पुलावर तिनं पिशवीतून पुष्पाबाईंनी बांधून दिलेले तांदळाच्या पिठाचे धिरड्यासारखे चिले काढले आणि एक माझ्या हातात दिला. "कापाचंच असंन त मी संग येतो," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "आणि नवे कपडे मीच शिवन."

घरी आल्यावर मी भावाला फोन केला. बँकॉक नको, नागपुरात करते, असं सांगितलं. तो भडकला. सगळं ठरलेलं, बोललेलं, आणि आता लोकांना काय सांगणार, असं त्यानं विचारलं.

"पोट कापलं म्हणून सांगणार," मी म्हटलं. "कापणार हाये तेच सांगणार ना."

त्याचा आवाज बदलला आणि तो आईच्या पायाबद्दल बोलायला लागला. त्याला लोकांची लाज नव्हती, भीती होती. मलाही आईसारखं होईल या भीतीनं त्यानं जे सगळ्यांत चकचकीत दिसलं ते निवडलं होतं. मी म्हटलं, तो पाय मीही पाहिलाय, म्हणूनच दूर जात नाही. एजंटलाही कळवलं, आणि पत्रकात दोन फोटोंच्या मधलं छापा असंही सुचवलं. त्यानं फोन ठेवला. पुष्पाबाईंनी मात्र यजमानांना घेऊन त्याचं ऑफिस गाठलं. पुढच्या पत्रकात त्यांचा फोटो नव्हता.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला घाईनं घेतलं नाही. आधी शुगर आटोक्यात आणायला लावली, अनेक तपासण्या केल्या, आणि प्रकाशला समोर बसवून सांगितलं की यात माणूस दगावूही शकतो, टाके गळू शकतात, गोळ्या कायमच्या, आणि वजन काही वर्षांत परत चढूही शकतं. प्रकाश पांढरा पडला. मला मात्र बरं वाटलं, कारण पहिल्यांदाच कोणी मला सगळं सांगत होतं.

शस्त्रक्रिया झाली. भाऊ दुबईहून आला. नसरीन रोज आली. अर्धं घुग्घुसही आलं, आणि मला अजून पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं तेव्हा माझ्या उशाशी बसून त्यांनी आपली केळी आपणच खाल्ली. मी प्रत्येकाला काय कापलं, किती कापलं, ते सांगितलं. लाज त्यांनाच वाटली, माझी कधीच संपली होती.

दोन महिन्यांनी एका सकाळी घोटभर पाणीही पोटात राहीना. प्रकाशनं जीप केली आणि दुपारच्या आत आम्ही त्याच डॉक्टरांसमोर होतो. टाक्यांपाशी जठर आकसलं होतं, त्यांनी दुर्बीण घालून ते रुंद केलं. दोन दिवसांत मी घरी. बँकॉकला केलं असतं तर ती दुपार कशी गेली असती, हे मी पुष्पाबाईंकडून ऐकलेलं होतं. मी बाहेर जाऊच नका असं म्हणत नाही. जा, पण परत आल्यावर तुमचं पोट कोण बघणार, त्या माणसाला आधी भेटून या.

आता हिशेब. शुगरची एक गोळी उरली आहे, ती अर्धी. केस मुठीनं गेले, सगळे परत आले नाहीत. विटामिनच्या गोळ्या गजर लावून घेते आणि महिन्यातून एकदा पुष्पाबाईंना फोन करून त्यांनी घेतल्या का तेही विचारते. मूलचे तर्री-पोहे चार घासांत संपतात. दुसऱ्या प्लेटची आठवण येते, नाही कशी येणार. वर्गाच्या पायऱ्या चढून मी थेट फळ्यावर लिहायला लागते.

आणि मी अजून जाडी आहे. आधीपेक्षा बरीच कमी, पण कोणत्याही पत्रकावर छापता येणार नाही एवढी. गेल्या आठवड्यात बाजारात ओळखीच्या एक बाई भेटल्या. वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी विचारलं, एवढं पोट कापलं, तरी अजून किती कमी व्हायचं राह्यलं?

"काईच नाई राह्यलं," मी म्हटलं. "जेवढी दिसून राह्यली, तेवढी हाये."

मग भाजीची पिशवी उचलली आणि पायीच घरी निघाले.